मध्य सोडला असे कोण म्हणते?

खोपोली, खालापूर, कर्जत या पट्ट्यातली मुले हल्ली पनवेल-ठाण्याच्या बुद्धिबळ स्पर्धांना हौसेने जातात. त्यांच्या डाव लिहायच्या वह्या चाळल्या, की पांढरी मोहरी हाती आल्यावरची पहिली खेळी बहुतेक पानांवर एकच दिसते: ई४. अधूनमधून डी४. एखाद्याने सी४ किंवा घोडा एफ३ अशी सुरुवात केली असेल, तर त्या पानाच्या समासात शिकवणाऱ्याचा शेरा असतो आणि त्याचा मथितार्थ ठरलेला असतो: मध्य का सोडलास? हा शेरा फक्त आपल्याकडचा नाही. बगलेवरून होणारे प्रारंभ म्हणजे इंग्लिश ओपनिंग, रेटी ओपनिंग आणि त्यांचे भाऊबंद. ते सावधपणाचे, आळसाचे किंवा फार तर म्हाताऱ्या ग्रँडमास्टरांच्या सोयीचे, असे मत बुद्धिबळ शिकवणाऱ्यांत सर्वदूर रुजले आहे. मला ते मत चुकीचे वाटते, आणि मुलांचे नुकसान करणारेही.

खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष पूर्ण बळानिशी मांडायला हवा. पूर्वपक्ष म्हणतो: पटाच्या मधोमध असलेली ई४, डी४, ई५, डी५ ही चार घरे म्हणजे सत्तास्थान. घोडा मध्यात असेल तर आठ घरांवर मारा करतो, कोपऱ्यात असेल तर दोन. ई४ खेळले की वजीर आणि उंट दोघांचेही रस्ते एका खेळीत मोकळे होतात. सी४ खेळून काय मिळते? वजिराला ए४ पर्यंतची एक तिरपी वाट, आणि उंटाला काहीच नाही. शिवाय उघड्या डावांत मोहरी लवकर भिडतात, डावपेच दिसतात, मूल मार खाते आणि शिकते. बंद, संथ डावात ते नुसतेच मोहरी सरकवत बसते.

यातले एकही विधान मी नाकारत नाही. गडबड आहे ती त्यांवरून काढलेल्या निष्कर्षात. ‘मध्य महत्त्वाचा’ या विधानावरून ‘म्हणून पहिल्याच खेळीला मध्यात प्यादे हवे’ इथवर जी उडी मारली जाते, तिच्या मधली पायरी कुणी दाखवत नाही. मध्याची घरे महत्त्वाची असतील, तर त्यांच्यावर ताबा हवा. आता ताबा म्हणजे तिथे जाऊन उभे राहणे की तिथे येणाऱ्याला मारता येणे, हा खरा प्रश्न आहे आणि पूर्वपक्ष त्याला बगल देतो.

पटावर मांडून पाहा. पांढऱ्याने सी४ खेळले, घोडा सी३ वर आणला, जी३ करून उंट जी२ वर बसवला. चार खेळ्या झाल्या, मध्याच्या चार घरांत पांढऱ्याचे एकही मोहरे नाही. आता डी५ या घराकडे बघा. सी४चे प्यादे त्यावर रोखलेले आहे, सी३चा घोडा रोखलेला आहे, जी२चा उंट लांबच्या तिरप्या वाटेने त्याच घरावर रोखलेला आहे. काळ्याने तिथे प्यादे आणले तर सी४चे प्यादे ते मारते, आणि या मारामारीत पांढऱ्याचे कडेचे प्यादे जाऊन काळ्याचे मधले प्यादे जाते. पांढऱ्याची ई आणि डी ही दोन्ही मधली प्यादी शाबूत, काळ्याकडे मधले एकच. ज्याने मध्य सोडला म्हणतात, त्याच्याच हाती मध्यातले बहुमत येते.

हे गणित आपल्या शिक्षकांना ठाऊक नाही असे नाही. तेच शिक्षक काळ्या मोहऱ्यांसाठी सिसिलियन बचाव मोठ्या अभिमानाने शिकवतात. ई४ ला सी५ हे उत्तर लढाऊ, कारण सीचे प्यादे देऊन डीचे प्यादे मिळते. मग तीच सीच्या प्याद्याची चाल पांढऱ्याने, पहिल्या हाती, एक खेळी पदरात असताना केली, की ती भित्री कशी होते? सी४ ला काळ्याने ई५ खेळले तर समोर येतो तो रंग उलटवलेला सिसिलियनच. एवढे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे, की ही जास्तीची खेळी नेहमी फायद्याची ठरतेच असे नाही. सिसिलियनमध्ये काळा समोरच्याचा बेत बघून आपला बेत आखतो. इथे पांढऱ्याला पत्ते आधी टाकावे लागतात. पण हा आक्षेप बारकाईचा आहे, ‘मध्य सोडला’ या ढोबळ आरोपाशी त्याचा संबंध नाही.

इतिहासाचा दाखलाही असाच उलटा वाचला जातो. हॉवर्ड स्टाँटनने १८४३ साली पॅरिसमध्ये सेंट-अमाँविरुद्धच्या सामन्यात सी४ पुन्हा पुन्हा खेळले, आणि त्या इंग्लिश माणसावरूनच या प्रारंभाचे नाव पडले. पुढे कित्येक दशके तो प्रारंभ बाजूला पडला. १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत रिचर्ड रेटीने जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. कापाब्लांका त्याआधी आठ वर्षे हरला नव्हता. हा डाव सगळेच सांगतात, पण सांगताना म्हणतात की रेटीने मध्याला हात न लावता जिंकले. डाव उघडून पाहिला तर तसे मुळीच नाही. घोडा एफ३, सी४, बी४, दोन्ही उंट आपापल्या बगलेत, किल्लेकोट, डीचे प्यादे नुसते डी३ वर. काळा मध्यात ई५ पर्यंत येतो, सी५ ही खेळतो. आणि सोळाव्या खेळीला रेटी डी४ करतो. त्या एका खेळीनंतर मध्य उघडतो, प्याद्यांची मारामारी होते, आणि बी२ वरचा उंट जी७ वरच्या काळ्या उंटाला भिडून पटावरून काढून टाकतो. काळ्या राजाचा पहारेकरी गेला. रेटीची सगळी तयारी मध्यासाठीच चालली होती. मध्याचा प्रश्न त्याने सोळाव्या खेळीपर्यंत राखून ठेवला, एवढेच.

याच्या जोडीला सेव्हिल, १९८७ घ्या. जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चोविसावा, शेवटचा डाव. तेविसावा हरल्यामुळे कास्पारॉव्ह एका गुणाने मागे. जिंकला तरच बरोबरी आणि किताब राखणे शक्य, बरोबरीचा डाव झाला तरी किताब कार्पॉव्हकडे. आक्रमक म्हणून ज्याची ख्याती, त्याने जिंकायलाच हव्या अशा त्या डावात पहिली खेळी केली सी४. पुढे जी३, बी३, दोन्ही उंट बगलेत, डी३. काळ्याचे मधले प्यादे डी५ वर पाय रोवून उभे. कास्पारॉव्हने डी४ केले ते पंधराव्या खेळीला, काळ्याच्या डी५च्या प्याद्याची मारामारी करून ते हटवल्यावर. डाव चौसष्ट खेळ्यांवर संपला, सामना १२-१२ असा सुटला आणि किताब राहिला. ज्यांना सी४ हे बरोबरी मागणाऱ्याचे हत्यार वाटते, त्यांनी त्या दिवशी बरोबरी नेमकी कुणाला हवी होती, हे एकदा आठवावे.

आता माझा पक्ष मांडतो. बुद्धिबळात घोडा परत येतो, उंट परत येतो, वजीर तर हवा तसा फिरतो. प्यादे परत येत नाही. म्हणून प्याद्याची प्रत्येक खेळी हा कायमचा शब्द आहे, आणि मधल्या प्याद्यांचा शब्द सगळ्यांत वजनदार, कारण त्यावर पुढच्या तीस खेळ्यांचा नकाशा ठरतो. ई४ खेळणारा हा शब्द समोरच्याने तोंड उघडण्याआधी देऊन बसतो. बगलेवरून येणारा तो राखून ठेवतो, दरम्यान उपयोगी खेळ्या करत राहतो, आणि समोरच्याने आपला शब्द दिला की मग आपला देतो. लवचिक प्रारंभ म्हणतात तो याला. सीएसएमटीहून निघालेल्या गाड्या कर्जतपर्यंत एकाच मार्गाने येतात, तिथून खोपोलीकडे वळायचे की बोरघाट चढायचा हे पुढे ठरते, तसेच.

उदाहरणाशिवाय हे बोलणे हवेत राहील. समजा सी४ ला काळ्याने घोडा एफ६ केले. पांढऱ्याने घोडा सी३ केला. काळ्याच्या मनात जी६ आणि मग डी५ असा ग्रुनफेल्ड बचाव आहे. तो जी६ करतो. इथे पांढरा डी४ करील तर काळ्याला डी५ मिळते, त्याच्या मनासारखे होते. पण पांढऱ्याने डीला हात लावलेला नाही, म्हणून तो ई४ करू शकतो. आता डी५ ची वेळ टळली. काळ्याला डी६ वर थांबावे लागते, आणि पुढच्या खेळीला पांढरा डी४ करतो. सी४, डी४, ई४: तीन प्यादी खांद्याला खांदा लावून. पहिल्या खेळीला मध्य सोडल्याचा ठपका ज्याच्यावर होता, त्याच्याकडे चौथ्या खेळीला पटावरचा सर्वांत रुंद मध्य आहे. ई४ ने सुरुवात करणाऱ्याला सी४ सह असा मध्य क्वचितच मिळतो.

दुसरीकडे काळ्याने सी४ ला ई६ केले तर पांढरा हवे तर डी४ करून थेट वजिराच्या गॅम्बिटच्या घरात शिरतो. १९७२ साली रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या सामन्याच्या सहाव्या डावात फिशरने हेच केले. आयुष्यभर ई४ चा पुरस्कार करणारा हा माणूस सी४ खेळला, तिसऱ्या खेळीला डी४ केले, आणि वजिराच्या गॅम्बिटचा असा डाव खेळला की हरल्यावर स्पास्कीनेही प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या. चेन्नईत २०१३ साली जगज्जेतेपदाच्या सामन्यात कार्लसनने आनंदविरुद्ध पहिल्या तीन पांढऱ्या डावांत दोनदा घोडा एफ३ आणि एकदा सी४ अशी सुरुवात केली. सी४ चा तो पाचवा डाव दुसऱ्याच खेळीला डी४ ने वेगळ्या वाटेला लागला, आणि सामन्यातला पहिला निकाल त्याच डावात लागला. आनंद हरला याचे आपल्याला वाईट वाटते. पण पहिली खेळी कशासाठी वापरायची, याचा तो धडा डोळ्यांआड करू नये.

इथे पूर्वपक्षाचा दुसरा सूर निघतो: ठीक आहे, पण मुले हे प्रारंभ अभ्यास टाळायला खेळतात. सी४, जी३, उंट जी२, समोरचा काहीही करो, त्याच पाच-सहा खेळ्या. हा आक्षेप निरीक्षण म्हणून अगदी खरा आहे. मीही हे पाहिले आहे आणि पाहून तळमळलो आहे. पण यात दोष प्रारंभाचा की तो शिकवण्याचा? सगळ्यांविरुद्ध त्याच खेळ्या करणे म्हणजे लवचिकतेच्या नेमके उलट. ज्याने समोरच्याकडे न बघता खेळ्या ठरवल्या, त्याने निर्णय राखून ठेवलेला नाही, तो घरूनच देऊन आला आहे.

एक जागा जवळून दाखवतो. पांढऱ्याची सी४ आणि ई४ वर प्यादी, घोडा सी३, उंट जी२, दुसरा घोडा ई२. याला बॉटविनिकची मांडणी म्हणतात. हिच्यात डी५ वर जबरदस्त पकड असते, पण डी४ हे घर कायमचे उघडे पडते, कारण सी आणि ई दोन्ही प्यादी पुढे गेल्याने त्या घराचे रक्षण कुठलेच प्यादे करू शकत नाही. काळ्याने ई५ करून राजाच्या बाजूचा उंट जी७ वर बसवला असेल तर काळजी नाही, कारण त्या उंटाच्या वाटेत त्याचेच ई५ चे प्यादे उभे आहे आणि डी४ पर्यंत त्याची नजर पोहोचत नाही. पांढरा निवांत एफ४ किंवा बी४ ची तयारी करू शकतो. पण तोच उंट काळ्याने सी५ वर काढला असेल, तर तो डी४ वरून थेट एफ२ पर्यंत बघतो, घोडा डी४ वर येऊन बसतो, आणि पांढऱ्याचे डीचे प्यादे डावभर अडकून पडते. पांढऱ्याच्या खेळ्या दोन्हीकडे त्याच. काळ्याचा एक उंट दोन घरांपैकी कुठे बसला, एवढ्यावरून चांगली मांडणी वाईट ठरते. हे न शिकवता मुलाला ‘सी४, जी३ खेळ, डोक्याला ताप नाही’ असे सांगणारा आणि ‘सी४ खेळूच नकोस’ असे सांगणारा, दोघेही एकाच गोष्टीला नकार देतात: मुलाला विचार करू देण्याला.

तिसरे मत आपल्या भागात विशेष ऐकू येते, आणि ते विरोधकांचे नसून चाहत्यांचे आहे. बगलेचा प्रारंभ म्हणजे पटावरचा गनिमी कावा, म्हणून तो आपल्या मातीतला, असे उत्साहाने सांगितले जाते. खालापूर तालुक्यात हे सांगायला दाखलाही हाताशी आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शायिस्ताखानाने धाडलेला कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून कोकणात निघाला, आणि चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांच्या फौजेने त्याला दोन्ही अंगांच्या रानातून कोंडले. सोबत असलेल्या सरदारीण रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि सामान टाकून तो माघारी गेला. मध्यात खान, बगलांवर मावळे, विजय बगलांचा. ऐकायला मोहक आहे.

पण उपमा इथे दिशाभूल करते, आणि आपल्या अभिमानाची गोष्ट असली तरी हे सांगायला हवे. उंबरखिंडीत विजय मिळाला तो खानाला काही दिसत नव्हते म्हणून. दाट झाडी, अरुंद वाट, पुढे-मागे वाट अडलेली, आणि रानात कोण किती दबा धरून आहे याचा पत्ता नाही. पटावर रान नाही. जी२ चा उंट समोरच्यालाही तेवढाच स्वच्छ दिसतो जेवढा आपल्याला. बगलेचा प्रारंभ लपवाछपवी समजून खेळणारे मूल समोरच्याच्या चुकीची वाट बघत बसते, आणि समोरचा चुकला नाही की त्याच्याकडे काहीच उरत नाही. लवचिकतेचे बळ समोरच्याला न दिसण्यात नाही. त्याला सगळे दिसत असूनही तो कुठे जाणार हे त्याला आधी ठरवावे लागते, यात ते आहे. महाराजांनी वाट निवडू दिली खानाला आणि जागा निवडली स्वतः, एवढाच धागा या दोन गोष्टींत जुळतो. त्यापुढे ताणला की तुटतो.

‘आपल्या मातीतला’ या दाव्याचा खरा भाग दुसरीकडे आहे. जुन्या भारतीय पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचे आणि युरोपी किल्लेकोट नव्हता, राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची. प्यादी अशी सावकाश सरकत असताना मध्यात तिसऱ्या-चौथ्या खेळीला खडाजंगी होणे शक्यच नव्हते. मागे मोहरी रचून, उंट बगलेला बसवून मग भिडणे हेच शहाणपणाचे होते. जुन्या खेळाडूंना मध्य कळत नव्हता, असे पुस्तकी लोक म्हणतात ते म्हणून टिकत नाही. त्यांच्या नियमांत तेच उत्तम होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी हे स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन यांच्याशी युरोपी नियमांनी खेळू लागले, तेव्हा ती सवय घेऊनच खेळले. १८५५ च्या एका डावात त्यांनी काळ्या मोहऱ्यांनी घोडा एफ६, जी६, डी५ असे उत्तर दिले आहे. एर्न्स्ट ग्रुनफेल्डने तो बचाव मोठ्या स्पर्धेत आणला तो १९२२ मध्ये. आज जगभर ज्या बचावांच्या नावात ‘इंडियन’ असते, त्यांचे मूळ इथे आहे. मात्र याचाही ढोल वाजवायला नको: त्या दोघांतले जास्त डाव कॉक्रेननेच जिंकले. पद्धत योग्य होती, पण नव्या नियमांत तिच्यामागचे शास्त्र अजून कुणी बांधले नव्हते. ते बांधायला रेटी आणि निमझोविच यांना १९२० चे दशक उजाडावे लागले.

उरतो तो शिकवण्याचा प्रश्न, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यांत महत्त्वाचा. पहिले वर्षभर मुलाने ई४ खेळावे, हे मला मान्य आहे. मात कशी होते, बांधलेले मोहरे म्हणजे काय, राजा मधोमध उघडा राहिला तर काय होते, हे उघड्या डावांत लवकर कळते. त्यानंतरही वर्षानुवर्षे ‘तुझी पातळी अजून सी४ ची नाही’ म्हणत राहायचे, याला आधार काय? खालापूर-कर्जतच्या मुलाचा रोजचा प्रतिस्पर्धी मुंबई-ठाण्याचा असतो. त्याच्याकडे खासगी प्रशिक्षक असतो, घरी इंजिन चालणारा चांगला संगणक असतो, आणि सिसिलियनच्या एकेका फांदीच्या वीस-वीस खेळ्या पाठ असतात. आपल्या मुलाला त्याच रस्त्यावर पाठवायचे म्हणजे पाठांतराच्या शर्यतीत अनवाणी पळवायचे. बगलेचा प्रारंभ अभ्यास कमी करत नाही, अभ्यासाची जात बदलतो. त्यात पाठांतर थोडे लागते, प्याद्यांच्या रचना ओळखणे फार लागते, आणि रचना ओळखायला महागडा प्रशिक्षक लागत नाही. पट लागतो, वेळ लागतो, आणि संपूर्ण छापलेले जुने डाव लागतात.

माझी पद्धत साधी आहे. रेटीचा न्यूयॉर्कचा डाव, कास्पारॉव्हचा सेव्हिलचा डाव आणि फिशरचा सहावा डाव मुलासमोर पटावर मांडायचे, पांढऱ्याने मधले प्यादे पुढे टाकण्याच्या आदल्या खेळीला थांबायचे, वही बंद करायची आणि विचारायचे: आता कोणते प्यादे, आणि आत्ताच का, दोन खेळ्या आधी का नाही? फिशरच्या डावात उत्तर तिसऱ्या खेळीला आहे, कास्पारॉव्हच्या पंधराव्या, रेटीच्या सोळाव्या. तिन्ही ठिकाणी प्यादे तेच, डीचे. बहुतेक मुले पहिल्या फटक्यात रेटीच्या डावात नवव्या-दहाव्या खेळीला, काळ्याने ई५ करताच, डी४ सुचवतात. मग ते पटावर खेळून बघायचे, काळ्याला ई४ पुढे दामटून एफ३ च्या घोड्याला हुसकावता येते का हे मुलालाच शोधू द्यायचे, आणि पट पुन्हा मांडायचा.